दोन मुलें आणि एक बाबागाडी

१८४० सालीं नोव्हेंबर महिन्याच्या २१ तारखेस इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिला पहिली कन्या झाली, आणि पुढच्याच वर्षीं नोव्हेंबरच्या ९ तारखेस पुत्र झाला. दोन अपत्यांमध्यें पुरतें एका वर्षाचेंही अंतर नव्हतें. पाळण्यांत एक मूल असतांनाच दुसऱ्यासाठीं पाळणा बांधण्याची वेळ आली. १८५७ पर्यंत ह्या राणीस एकूण नऊ मुलें झालीं; म्हणजे सतरा-अठरा वर्षें राजवाड्यांत कोणतें ना कोणतें मूल कडेवर, पाळण्यांत किंवा गाडींत असेच. परंतु दोन लहानग्यांना एकाच वेळीं मोकळ्या हवेवर कसें न्यावें, हा प्रश्न राणीला पडण्याचें कांहीं कारण नव्हतें. दाया, आया आणि सेवक यांच्या हातांची तिला वाण नव्हती.

हाच प्रश्न आज लंडन किंवा मँचेस्टर येथील एखाद्या साध्या घरच्या आईपुढें उभा राहतो, तेव्हां त्याचें स्वरूप अगदीं निराळें असतें. थोरलें मूल दीड वर्षाचें आहे. धाकटें दोन महिन्यांनीं जन्मास येणार आहे. नवरा सकाळीं कामावर जातो तो संध्याकाळीं परततो. सासू दुसऱ्या गांवीं, आई तिसऱ्या गांवीं. दुकान पाऊण मैलावर, दवाखाना त्याच्याही पलीकडे. एका बैठकीची गाडी घरांत आहेच. दोन बैठकांची नवी गाडी दुकानांत पाहून आलेली आहे. ती महाग आहे, जड आहे, आणि घराच्या दारांतून ती आंत येईल कीं नाहीं याची शंका आहे. ती घ्यावी, कीं आहे त्या गाडीवर भागवावें? ऐकणाऱ्यास प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ह्या निर्णयांत चूक झाली तर ती बाई सारा हिंवाळा दोन मुलांसह चार भिंतींच्या आंत अडकून पडते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचें गांभीर्य समजतें. शिवाय ह्या प्रश्नाला एक मोठा इतिहास आहे, आणि तो चाकाच्या शोधाच्याही मागें जातो.

गाडी नव्हती तेव्हां मनुष्यजातीनें हा प्रश्न कसा सोडविला, हें पाहण्यास आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील कालाहारी वाळवंटांत जावें लागतें. तेथील सान लोकांपैकीं कुंग नांवाच्या टोळ्यांमध्यें रिचर्ड ली ह्या मानववंशशास्त्रज्ञानें १९६३ सालापासून राहून पुष्कळ निरीक्षणें केलीं. हे लोक त्या वेळीं शिकार करीत आणि रानांतील कंदमुळें व फळें गोळा करून राहत. गोळा करण्याचें काम मुख्यतः बायकांचें. लीच्या हिशेबाप्रमाणें एक बाई वर्षाकाठीं सुमारें २,४०० किलोमीटर चाले. मूल पहिलीं दोन वर्षें जवळजवळ सर्वकाळ तिच्या अंगावर असे. पुढें हळूहळू कमी होत होत चौथ्या वर्षाच्या अखेरीस तें उतरे. ह्या चार वर्षांत एका मुलास वाहून तिची वाटचाल ७,८०० किलोमीटर होई. आतां शाळेंतील अंकगणित ज्यांना आठवत असेल त्यांनीं हिशेब करून पाहावा. चार वर्षांतील एकूण चाल ९,६०० किलोमीटर, त्यांतील ७,८०० मुलासह. म्हणजे दर पांच पावलांपैकीं चार पावलें ही बाई मूल घेऊनच टाकीत होती. आणि परततांना गोळा केलेलें अन्न त्यावर आणखी.

अशा स्थितींत दोन मुलें एकदम वाहणें अशक्यच होतें. म्हणूनच कीं काय, कुंग बायकांच्या दोन मुलांमध्यें सुमारें चार वर्षांचें अंतर पडे. हें अंतर केवळ ओझ्याच्या विचारानें राखलें जाई, असें समजूं नये. मूल दिवसरात्र आईजवळ असल्यामुळें थोड्या थोड्या वेळानें अंगावर पीत राही, आणि वारंवार पाजण्यामुळें पुढील गर्भधारणा लांबते, हें नंतरच्या संशोधकांनीं दाखवून दिलें आहे. निसर्गाची योजना आणि पाठीचें सामर्थ्य यांचा असा मेळ तेथें बसला होता. परंतु ह्याच कुंग लोकांपैकीं जीं कुटुंबें गुरें पाळणाऱ्यांच्या शेजारीं एका जागीं राहूं लागलीं, त्यांच्यांत हें अंतर कमी झाल्याचें लीला आढळलें. भटकणें थांबलें, आणि एकाच्या पाठीवर दुसरें मूल लवकर येऊं लागलें. स्थिर वस्ती करणाऱ्या साऱ्याच समाजांत कमीअधिक असेंच झालें असावें. ‘पाठीवरचें भावंड’ हा आपल्या भाषेंतील शब्द सहज तोंडांत येतो. पण ज्या आईच्या पाठीवर दोन मुलांना जागा नाहीं, तिच्या दृष्टीनें तो शब्द पुष्कळच खरा आहे.

मग दुसऱ्या मुलाला उचलीत कोण होतें? बहुतेक ठिकाणीं थोरली बहीण. सहासात वर्षांची पोर आणि तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ, हें चित्र जगांतील कोणत्याही गांवांत दिसलें असतें. चाकाची गाडी ह्या कामासाठीं कोणाला सुचली नाहीं, कारण रस्ते तसे नव्हते आणि फुकटचे हात घरांत होते. आपल्याकडे पांगुळगाडा होता. पण त्यांत मूल बसत नसे, त्याला धरून उभें राहण्यास आणि पाऊल टाकण्यास शिकत असे.

लहान मुलांसाठीं म्हणून मुद्दाम केलेली प्रसिद्ध गाडी इंग्लंडांत १७३३ सालची सांगतात. डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकनें आपल्या मुलांसाठीं ती विल्यम केंट याजकडून करवून घेतली. केंट हा वास्तुशिल्पी आणि उद्यानांची रचना करणारा म्हणून नांवाजलेला होता. त्यानें शिंपल्याच्या आकाराची बैठक करून ती चाकांवर ठेवली आणि पुढें एखादें लहानसें जनावर जुंपण्याची सोय केली. हें खरें म्हणजे एक खेळणें होतें. ती गाडी ओढावयाची होती, ढकलावयाची नव्हती. आणि ती बागेंतल्या वाटांवर फिरण्यासाठीं होती, बाजारांत जाण्यासाठीं नव्हती.

शंभर वर्षांनंतर गोष्ट बदलली. व्हिक्टोरिया राणीनें लंडनच्या हिचिंग्ज ह्या दुकानाकडून गाड्या घेतल्या, आणि राणीनें घेतलेली वस्तु मध्यम वर्गास हवीशी वाटूं लागली. चार्ल्स बर्टन नांवाच्या गृहस्थानें मागून ढकलण्याची गाडी तयार केली व १८५३ सालीं तिचें पेटंट इंग्लंडांत घेतलें. ‘पेराम्ब्युलेटर’ हें तिचें भारदस्त नांव. त्याचें पुढें ‘प्रॅम’ झालें, आणि आपल्याकडे ती आली तेव्हां तिला ‘बाबागाडी’ हें सुटसुटीत नांव मिळालें. ओढण्याची गाडी मागें वळून पाहावी लागते. ढकलण्याची नजरेसमोर राहते. एवढ्या एका फरकानें ही वस्तु खेळण्याच्या वर्गांतून निघून नित्याच्या गरजेच्या वर्गांत आली.

रस्त्यांतील लोकांना मात्र ती आवडली नाहीं. इंग्लंडांत १८३५ च्या कायद्यानें पादचाऱ्यांच्या पदपथावरून गाड्या हांकण्यास बंदी होती, आणि बाबागाडी ही गाडी कीं नव्हे, ह्यावर वाद माजले. दाया आपसांत गप्पा मारीत गाड्या लोकांच्या पायांवर घालतात, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत येत, व विनोदी पत्रें त्यांत भर घालीत. वस्तुतः रस्ता अडल्याचा राग हा ह्या गाडीच्या जन्मापासून तिच्यामागें लागला आहे, आणि तो आजतागायत सुटलेला नाहीं. पुढें तें दिसेलच.

गाडीच्या रचनेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुष्कळ सुधारणा झाल्या. १८७७ सालीं विल्यम विल्सन ह्यानें लीड्स येथें सुरू केलेला ‘सिल्व्हर क्रॉस’ हा कारखाना कमानींच्या बांधणीबद्दल प्रसिद्ध झाला. १८८९ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील विल्यम रिचर्डसन ह्यानें अशा गाडीचें पेटंट घेतलें कीं, जिची बैठक फिरवून मुलाचें तोंड आईकडे किंवा रस्त्याकडे करतां यावें, आणि जिचीं चाकें स्वतंत्रपणें फिरत असल्यामुळें ती थोड्या जागेंत वळावी. हीं दोन्ही गोष्टी आज प्रत्येक गाडींत गृहीत धरल्या जातात. दोन मुलांसाठीं रुंद किंवा लांब गाड्याही ह्याच काळांत होऊं लागल्या. परंतु त्या ज्यांनीं घेतल्या त्यांच्या घरीं ढकलण्यास पगारी दाई होती. दोन हात जिथें विकत मिळत होते, तिथेंच दोन बैठकांची गाडी परवडत होती.

गरिबांच्या घरीं काय चाललें होतें, हें पाहिलें पाहिजे, कारण ह्या इतिहासाचा खरा भार तिथें आहे. इंग्लंडांत १८७० सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, १८८० सालीं शाळेंत जाणें सक्तीचें झालें, आणि १८९१ पासून बहुतेक शाळांत फी उरली नाहीं. कायद्यानें मुलगी शाळेंत बसली. पण घरीं बाळ कोणी सांभाळावें, ह्याचें उत्तर कायद्यांत नव्हतें. मुली गैरहजर राहिल्या म्हणजे हजेरी तपासणाऱ्यास जें कारण वारंवार ऐकूं येई तें हेंच, कीं घरीं तान्हें आहे आणि आईला कामावर जावयाचें आहे. एखाद्या जुन्या खोक्याला चाकें लावून केलेली गाडी किंवा चौथ्या हातानें आलेली प्रॅम मिळाली तर ती पोर दोन भावंडांना एकदम घेऊन गल्लींत हिंडे; त्याच गाडींतून पुढें कोळसा येई आणि धुण्याचीं गांठोडीं जात. श्रीमंताघरीं दुहेरी गाडीचा भार दाईच्या पगारांत मोजला जात होता. गरिबाघरीं एका मुलीच्या बुडालेल्या इयत्तांत. हिशेबाच्या वहींत मात्र पहिलाच खर्च लिहिला जाई.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाहीं. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि १९५७ सालीं तें डोंगराळ कोसबाडला नेलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी वस्तींतील मुलगी शाळेंत यावयाची तर कडेवरचें भावंड ठेवावयाचें कोठें, हा पेंच तेथें रोजचा होता. ताराबाईंनीं मुलीला दोष दिला नाहीं, किंवा पालकांना व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणलीं. थोरली वर्गांत, मधलें बालवाडींत, तान्हें पाळण्यांत. तीन वयांचीं तीन मुलें एकाच वाटेनें येत आणि एकाच वाटेनें परत जात. त्या आवाराला त्यांनीं ‘विकासवाडी’ म्हटलें. जो प्रश्न इंग्लंडांतील आई गाडीच्या दुकानांत सोडवूं पाहते, तो कोसबाडला शाळेच्या आवारांत सोडविला गेला, ही गोष्ट शिक्षकवर्गानें विसरण्याजोगी नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांतील मध्यम वर्गाच्या घरांतून दाया आणि मोलकरणी नाहींशा झाल्या. थोरली बहीण शाळेंत गेलेली होती. उरली एकटी आई. ह्या काळांतील मोठ्या, कमानदार प्रॅमा अनेकांनीं चित्रांतून पाहिल्या असतील: उंच चाकें, खोल पाटी, काळी किंवा निळी चकचकीत बांधणी. जुळ्यांसाठीं तिच्या दोन्ही टोकांस दोन छपरें असत आणि मुलें समोरासमोर तोंडें करून बसत किंवा निजत. परंतु वर्ष-दीड वर्षाच्या अंतराच्या दोन मुलांसाठीं बहुतेक आयांनीं दुसरी गाडी घेतली नाहीं. तान्हें खोल पाटींत आडवें निजे, आणि पाटीच्या कांठांवर आडवी अडकवितां येणारी एक लहानशी बैठक विकत मिळे, तिच्यावर थोरलें बसे. एकाच गाडीच्या चार चाकांवर दोन वयें. ही युक्ति साधी, स्वस्त आणि फार सोयीची होती. दुकानाबाहेर प्रॅम उभी करून आंत जाण्याची तेव्हां रीतच होती. म्हणून ती दारांतून जाते कीं नाहीं, हा प्रश्न फारसा निघत नसे.

मग घरें बदललीं. उंच इमारती उठल्या, जिने व उद्वाहक आले. ब्रिटनमध्यें घरांच्या आकारासंबंधीं १९६१ सालीं जो पार्कर मॉरिस अहवाल निघाला, त्यांत बाबागाडी ठेवण्याच्या जागेचाही विचार झाला होता, हें त्या काळच्या अडचणीचें चांगलें गमक आहे. मोटारी घरोघर आल्या, आणि मोठी प्रॅम मोटारींत मावेना.

ह्या अडचणींतून वाट काढली ती एका निवृत्त इंजिनिअरनें. ओवेन मॅक्लारेन ह्यानें युद्धकाळांत स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलें होतें. उडतांना चाकें पोटांत घ्यावयाचीं आणि उतरतांना बाहेर काढावयाचीं, ही ती विद्या. मुलीला नातवंडासह प्रवास करतांना अवजड गाडीचा होणारा त्रास त्यानें पाहिला आणि १९६५ सालीं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार करून पेटंटासाठीं अर्ज केला. तिचें वजन अवघें सहा पौंडांच्या आसपास होतें. १९६७ पासून ती बाजारांत आली. एका हातानें मूल उचलावें आणि दुसऱ्या हातानें गाडी मिटावी, हें प्रथमच शक्य झालें. योगायोग असा, कीं ‘सिल्व्हर क्रॉस’च्या कारखान्यांतही युद्धकाळांत प्रॅमांऐवजीं विमानांचे भाग होत होते. तेथें युद्ध संपल्यावर पुन्हां प्रॅमा होऊं लागल्या. मॅक्लारेननें विमानाचीच विद्या गाडींत आणली.

परंतु छत्रीगाडीनें एक जुनी सोय मोडली, आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. कापडाच्या झोळीसारख्या त्या बैठकींत तान्हें मूल आडवें निजवितां येत नव्हतें, आणि तिच्यावर थोरल्यासाठीं दुसरी बैठक अडकवितांही येत नव्हती. जी एक गाडी दोन वयांना पुरत होती, तिच्या जागीं एकाच वयाला पुरणारी गाडी आली. आजचा दुहेरी गाडीचा प्रश्न खऱ्या अर्थानें येथून सुरू होतो.

त्याचीं उत्तरें कारखानदारांनीं तीन दिलीं. पहिलें, दोन बैठका शेजारीं शेजारीं. ह्यांत दोन्ही मुलांना समान मान मिळतो, पण रुंदी सुमारें पाऊण मीटर होते आणि जुन्या घरांच्या दारांशीं तिचा झगडा चालतो. दुसरें, एकामागें एक. ही दारांतून जाते. पण ती लांब असते, कठड्यावर चढवितांना पुढचीं चाकें उचलण्यास जोर लागतो, आणि मागच्या किंवा खालच्या मुलाला पुढच्याची पाठ पाहत बसावें लागतें. तिसरें उत्तर सर्वांत स्वस्त: एका बैठकीच्या गाडीमागें चाकांची एक फळी जोडावयाची, आणि साधारण दोन वर्षांवरील मुलानें तिच्यावर उभें राहावयाचें. तिसऱ्या उत्तराची मुलांना फार हौस असते. आईच्या पोटऱ्यांना तितकी नसते.

गाड्यांचा आकार पुढें इतका वाढला, कीं अमेरिकेंतील डिस्नेच्या करमणुकीच्या उद्यानांनीं १ मे २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद व ५२ इंचांहून लांब बाबागाड्यांना बंदी घातली. जीं उद्यानें मुलांसाठींच उभारलीं, तेथेंही शेवटीं मुलांच्या गाड्या मोजाव्या लागल्या.

इंग्लंडांतील सार्वजनिक बसगाड्यांत ह्या प्रश्नानें गंभीर रूप घेतलें. पूर्वीं बसमध्यें चढतांना बाबागाडी मिटावी लागे. पुढें जमिनीलगतच्या बसगाड्या आल्या आणि चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणाऱ्यांसाठीं मोकळी जागा राखण्यांत आली. हीच जागा आयांनाही सोयीची पडली. २०१२ सालच्या फेब्रुवारींत डग पॉली हे चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणारे गृहस्थ वेदरबी येथें लीड्सच्या बसमध्यें चढूं लागले, तेव्हां त्या जागीं एका बाईची बाबागाडी होती आणि तींत मूल झोंपलें होतें. गाडी मिटत नाहीं, असें सांगून बाईनें हलण्यास नकार दिला. पॉली ह्यांना बस सोडावी लागली. हें प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १८ जानेवारी २०१७ रोजीं निकाल लागला: चालकानें नुसती विनंति करून थांबणें पुरेसें नाहीं, त्यानें त्याहून पुढें जाऊन आग्रह धरला पाहिजे. निकाल योग्यच होता. खुर्ची ही त्या माणसाचे पाय आहेत. ती त्याला मिटून ठेवतां येत नाहीं. तथापि झोंपलेलें मूल एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानें गाडी मिटणें म्हणजे काय, हें ज्यांनीं कधीं केलें नाहीं त्यांनीं त्या बाईलाही फार कठोर शब्द वापरूं नयेत. जिची गाडी दुहेरी आहे, तिला तर ही मिटण्याची वेळ येऊं नये अशीच देवाला प्रार्थना करावी लागते.

अशा स्थितींत एक जुनें उत्तर नव्या वेषांत परत आलें. ॲन मूर नांवाच्या अमेरिकन परिचारिका १९६० नंतरच्या वर्षांत शांतिसेवादलातर्फे पश्चिम आफ्रिकेंतील टोगो देशांत होत्या. तेथील आया तान्ह्यांना कापडानें पाठीशीं बांधून कामें करतात, हें त्यांनीं पाहिलें. घरीं परतल्यावर आपल्या मुलीसाठीं तसाच प्रयोग केला, आणि त्यांतून शिवलेली, पट्ट्यांची झोळी तयार झाली. १९६९ सालीं तिचें पेटंट निघालें. आज युरोप-अमेरिकेंत अशा झोळ्या सर्वत्र दिसतात. तान्हें छातीशीं, थोरलें एका बैठकीच्या गाडींत, आणि आईचे दोन्ही हात गाडीच्या दांड्यावर: ही योजना अनेक घरांत दुहेरी गाडीची गरजच मिटविते. कालाहारीची पाठ आणि बर्टनची गाडी यांची ही सांगड म्हणावी.

आतां दुकानाच्या दारांत उभ्या असलेल्या त्या आईकडे वळावें. तिनें गाड्यांचे रंग पाहण्यापूर्वीं मुलांचे महिने मोजावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीप्रमाणें निरोगी मुलें साधारण आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधींतरी स्वतंत्रपणें चालूं लागतात. सरासरी बारा महिने. पण चालूं लागणें निराळें आणि पाऊण मैल चालणें निराळें. दीड वर्षाचें मूल चालतें तें कबुतरामागें, डबक्याकडे, किंवा आल्या वाटेनें परत. वाहता रस्ता शेजारीं असतांना आणि दुसरा हात तान्ह्यांत गुंतला असतांना अशा मुलाला मोकळें सोडणें धोक्याचेंच. म्हणून दोन मुलांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल आणि रोज पायीं जाणें असेल, तर दुसरी बैठक हवीच. तेथें फार विचार करूं नये. जुळ्यांची तर गोष्टच निराळी. तीन वर्षांचें अंतर असेल तर ती बैठक रिकामी राहील. वाद आहे तो मधल्या दोन-अडीच वर्षांच्या अंतरासंबंधीं, आणि तेथें मुलाचा स्वभाव, घराचे जिने व बसचा मार्ग हेच पंच. दोन बाळंतपणांमध्यें आईच्या प्रकृतीस विसांवा मिळावा म्हणून त्याच संघटनेनें प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वीं निदान दोन वर्षें जाऊं द्यावींत असें सुचविलें आहे. तें पाळलें गेलें तर थोरलें मूल पावणेतीन वर्षांचें होतें आणि गाडीचा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो. पण दुकानांत आलेल्या बाईला हें सांगण्याची वेळ टळून गेलेली असते.

वजनाचाही हिशेब करावा. दोन वर्षांचें मूल बारा किलोंचें, तान्हें चार किलोंचें, दुहेरी गाडी बारा-तेरा किलोंची. भाजीची पिशवी धरली नाहीं तरी अठ्ठावीस-एकोणतीस किलो होतात. सपाट रस्त्यावर हें कांहींच नाहीं. नुकत्या बाळंत झालेल्या बाईनें तेंच पांच पायऱ्या चढवावयाचें झालें तर तें फार आहे. आणि नव्या बाळाला पहिले सहा महिने पाठीवर सपाट निजतां आलें पाहिजे. ज्या दुहेरी गाडींत दोन्ही बैठका उभ्याच आहेत, ती स्वस्त मिळाली तरी तान्ह्याच्या कामाची नाहीं.

परदेशीं राहणाऱ्या मराठी घरांत ह्या हिशेबांत आणखी एक नांव येतें, तें आजीचें. दुसऱ्या बाळंतपणास पुण्याहून किंवा नागपुराहून आजी येते. प्रवासी म्हणून तिला ब्रिटनमध्यें एका वेळीं बहुधा सहा महिनेच राहतां येतें. ते सहा महिने घरांत चार हात असतात; थोरलें आजीच्या बोटाशीं, धाकटें आईजवळ, आणि दुहेरी गाडी विनाकारण घेतली असें सर्वांना वाटतें. मग आजीला विमानतळावर पोंचवून घरीं आल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं दाराशीं दोन मुलें आणि एक आई उरते. त्या वेळीं थोरलें अडीच वर्षांच्या पुढें गेलें असेल तर फळीवर भागतें. नसेल तर गाडी घ्यावी लागते. मात्र आतां धाकटें बसूं लागलेलें असतें, म्हणून ती साधी, हलकी आणि दुसऱ्याच्या घरून आलेलीही चालते.

दुहेरी गाड्या अशा एका घरांतून दुसऱ्या घरांत फार हिंडतात. एका कुटुंबांत त्यांचें काम वर्ष-दीड वर्षाचें असतें. त्यानंतर थोरलें मूल बसण्यास नकार देतें, दांडा धरून चालूं लागतें, आणि गाडी विकली जाईपर्यंत त्याच्या बैठकींत कांदे-बटाट्यांची पिशवी पट्ट्यानें बांधून नेली जाते.